दुकानाची खरेदी: खरेदीखताबरोबरचा खर्च कराच्या हिशोबात कसा घ्यावा

शिंदखेड्यात दुकान किंवा गाळा घेतलेल्या माणसाला खरेदीखतावरची रक्कम वर्षानुवर्षे तोंडपाठ असते. त्याच आठवड्यात मुद्रांक शुल्क, नोंदणी फी, वकील, दलाल, मोजणी, बँकेचे शुल्क असे लाख-दोन लाख आणखी गेलेले असतात. मार्चनंतर वह्या सी.ए.कडे जातात तेव्हा त्या पैशांचा माग लागत नाही. कोणी ते घरखर्चात टाकलेले असतात, कोणी ‘किरकोळ खर्च’ म्हणून नफ्यातून वजा केलेले असतात, तर कोणी कुठेच लिहिलेले नसतात. तिन्ही प्रकारांत नुकसान आहे. पहिल्यात आणि तिसऱ्यात हक्काचा घसारा बुडतो आणि पुढे दुकान विकताना नफा वाढलेला दिसतो. दुसऱ्यात तपासणी झाली की तो खर्च अमान्य होतो आणि व्याजासह कर भरावा लागतो.

नियम एका वाक्यात सांगता येतो. मालमत्ता मिळवण्यासाठी झालेला खर्च मालमत्तेच्या किमतीत मिळवायचा, त्याची जमीन आणि इमारत अशी वाटणी करायची आणि इमारतीच्या वाट्यावर दरवर्षी घसारा घ्यायचा. कर्ज मिळवण्यासाठी झालेला खर्च वेगळा ठेवायचा. हे सगळे जमायचे तर तयारी रजिस्टर ऑफिसात जाण्याआधी करावी लागते. मार्चअखेरीस बसून बऱ्याच गोष्टी दुरुस्त होत नाहीत.

कलमांबद्दल आधीच एक खुलासा. १९६१ च्या प्राप्तिकर कायद्याच्या जागी १ एप्रिल २०२६ पासून प्राप्तिकर कायदा, २०२५ लागू आहे. कलमांचे आणि फॉर्मांचे क्रमांक बदलले, पण इथे सांगितलेली मूळ तत्त्वे तीच राहिली. म्हणून खाली क्रमांक अगदी थोडे दिले आहेत आणि तेही जुन्या कायद्यातले, कारण बाजारात अजून तेच बोलले जातात.

पहिली पायरी: खरेदी कोणाच्या नावावर, ते ठरवा

घसारा मालकाला मिळतो आणि तोही मालमत्ता त्याच्या स्वतःच्या धंद्यात वापरली तरच. आपल्याकडे दुकान पत्नीच्या किंवा आईच्या नावावर घेण्याची पद्धत आहे. भावना चांगली आहे, पण कापडाचा धंदा नवऱ्याच्या नावावर आणि दुकान बायकोच्या नावावर असेल, तर नवऱ्याला घसारा मिळत नाही. त्याने पत्नीला वाजवी भाडे द्यायचे आणि ते खर्चात दाखवायचे, एवढाच मार्ग राहतो. दुकानाचे पैसे नवऱ्यानेच दिलेले असतील तर ते भाडे पुन्हा नवऱ्याच्याच उत्पन्नात मिळवले जाते. महिलेच्या नावावर मुद्रांक शुल्कात मिळणारी १ टक्क्याची सवलतही महाराष्ट्रात निवासी घरापुरती आहे, दुकानाला ती लागू नाही. तेव्हा शुल्क वाचेल या आशेने नाव बदलू नका.

भागीदारी फर्म असेल तर फर्मच्या पैशाने घेतलेले दुकान फर्मच्या नावावर आणि फर्मच्या ताळेबंदात दिसले पाहिजे. खरेदीखतावर एका भागीदाराचे नाव आणि वहीत फर्मची मालमत्ता, अशी अर्धवट स्थिती भागीदार वेगळे होताना फार त्रास देते.

दुसरी पायरी: इसार बँकेतून द्या

या पायरीवर थोडे थांबून बोलतो, कारण पुढची निम्मी भांडणे इथेच टळतात.

इसार रोखीत देण्याची सवय खानदेशात जुनी आहे. सौदा चारचौघांसमोर होतो, पेढा वाटला जातो, नोटांचे बंडल हातात जाते. पण स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २०,००० रुपये किंवा त्याहून अधिक आगाऊ रक्कम रोखीत घेणाऱ्याला तेवढ्याच रकमेचा दंड होऊ शकतो. दंड विक्रेत्याला होतो, म्हणून हे त्याला आधीच समजावून सांगा. त्याच्या हिताची गोष्ट आहे, तो ऐकतो.

खरेदीदाराला लागू होणारा नियम वेगळा. मालमत्ता मिळवण्यासाठी एका माणसाला एका दिवसात १०,००० रुपयांपेक्षा जास्त रक्कम रोखीत दिली, तर तेवढा खर्च घसाऱ्यासाठी किमतीत धरता येत नाही. २०१७ च्या अर्थसंकल्पात आलेली ही अट दलालाला, वकिलाला, रंगाऱ्याला दिलेल्या पैशांनाही लागू होते.

बँकेतून इसार देण्याचा आणखी एक फायदा फारसा कोणाला माहीत नसतो. साठेखत आज झाले आणि खरेदीखत एप्रिलनंतर, नवा रेडी रेकनर लागू झाल्यावर झाले, तर तुलनेसाठी साठेखताच्या तारखेचे सरकारी मूल्य धरता येते. अट एवढीच, की त्या तारखेला किंवा त्याआधी काही रक्कम बँकेच्या मार्गाने दिलेली असावी.

ही तुलना महत्त्वाची आहे. सरकारी मूल्य खरेदीच्या रकमेपेक्षा १० टक्क्यांहून अधिक आणि ५०,००० रुपयांहून अधिक जास्त असेल, तर तो सगळा फरक खरेदीदाराचे उत्पन्न समजून त्यावर कर लागतो. मागच्या गल्लीतला, दर्शनी भाग अरुंद असलेला गाळा खरोखरच स्वस्तात मिळतो, पण तक्त्यात त्याचा दर मुख्य रस्त्याचा असतो. अशा वेळी मूल्यांकनकाराचा अहवाल आणि फोटो आधीच काढून ठेवा. वाद झाल्यास विभागाच्या मूल्यांकन अधिकाऱ्याकडे प्रकरण पाठवा, अशी मागणी करता येते. फरकावर कर भरावाच लागला, तर ते सरकारी मूल्य पुढे विक्रीच्या वेळी तुमची खरेदी किंमत धरले जाते. त्यामुळे त्या आदेशाची प्रतही जपून ठेवा.

‘थोडे वर द्या, खत कमी रकमेचे करू’ असा आग्रह झाला तर नाही म्हणा. वर दिलेल्या पैशांवर घसारा नाही, विकताना वजावट नाही आणि कर्जाच्या कागदात ते दिसत नाहीत. विक्रेत्याचा कर वाचवण्यासाठी आपली खरेदी किंमत कायमची कमी करून घेण्यात खरेदीदाराचा कसलाही लाभ नाही.

तिसरी पायरी: विक्रेत्यांच्या यादीवरून टी.डी.एस. तपासा

खरेदीची रक्कम किंवा सरकारी मूल्य यांपैकी काहीही ५० लाख किंवा त्याहून जास्त असेल, तर खरेदीदाराने १ टक्का कापून भरायचा असतो. विक्रेते चार असोत की सहा, ५० लाखांची मर्यादा एकूण रकमेला लागते; १ ऑक्टोबर २०२४ पासून हे कायद्यातच स्पष्ट केले आहे. भरणा कापलेला महिना संपल्यापासून ३० दिवसांत करायचा. जुन्या कायद्यात हा फॉर्म २६ क्यूबी होता. शेतजमिनीला हा नियम नाही, पण बिनशेती प्लॉटला आहे. शिंदखेडा गावात ५० लाखांचा गाळा विरळा, दोंडाईच्याला किंवा धुळ्याला घेतला तर प्रश्न येतो.

शिंदखेड्यातही सापडू शकणारी अडचण वेगळीच आहे. वडिलोपार्जित दुकान असते, वारसांपैकी एक सुरतला, एक नाशिकला आणि एक परदेशात असतो. परदेशी राहणारा वारस करासाठी अनिवासी असेल, तर त्याच्या वाट्यावर ५० लाखांची मर्यादा लागत नाही. रक्कम कितीही असली तरी कपात करावी लागते आणि तिचा दर १ टक्क्याहून पुष्कळ जास्त असतो. कपात केली नाही तर जबाबदारी खरेदीदारावर येते. विक्रेत्यांपैकी प्रत्येकाला तो वर्षातले किती दिवस कुठे राहतो हे विचारा आणि उत्तर लेखी घ्या. गावात असा प्रश्न विचारणे अवघड वाटते, तरी विचारा.

चौथी पायरी: खरेदीखतातच जमीन आणि इमारत वेगळी लिहून घ्या

जमिनीवर घसारा नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये आल्प्स थिएटरच्या खटल्यात हे कायमचे ठरवले. सिनेमागृहाच्या मालकाचे म्हणणे होते, की इमारत म्हटली की तिच्याखालची जागाही आली. न्यायालयाने सांगितले, की झीज बांधकामाची होते, जमिनीची नाही. तेव्हापासून प्रश्न उरला तो फक्त कोणाचा वाटा किती, याचा.

म्हणून दस्तलेखक किंवा वकील मसुदा करत असतानाच एकूण रकमेखाली जमिनीची किंमत अमुक आणि बांधकामाची अमुक, असे दोन आकडे घालून घ्या. आकडे मनाने घालू नका. रेडी रेकनरमध्ये खुल्या जमिनीचा आणि बांधकामाचा दर वेगळा काढता येतो, इमारतीच्या वयाची घटही त्यात असते. नोंदणीकृत मूल्यांकनकाराचा दोन पानी अहवाल सोबत असला तर आणखी बरे. जुनी जिनिंग विकत घेत असाल तर तिसरा आकडा यंत्रांचा लागतो, कारण सर्वसाधारण यंत्रसामग्रीवर घसारा १५ टक्के आहे आणि इमारतीवर १०.

बाजारपेठेत खाली दुकान आणि वर घर अशी बांधणी असते. तिथे क्षेत्रफळानुसार आणखी एक वाटणी करा. धंद्याच्या ताळेबंदात फक्त दुकानाचा वाटा येतो. वरच्या घराच्या वाट्याचे मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी जुन्या करप्रणालीत ८० सी खाली मागता येते, दुकानाच्या वाट्याचे नाही.

पाचवी पायरी: प्रत्येक पावती तीन ढिगांत टाका

पहिला ढीग मालमत्तेचा. ग्रास चलनाने भरलेले मुद्रांक शुल्क आणि त्यावरचा स्थानिक अधिभार (दर हद्दीप्रमाणे बदलतो), नोंदणी फी, दस्त हाताळणी शुल्क, दस्तलेखकाची मजुरी, वकिलाची फी, टायटल तपासणीचा सर्च रिपोर्ट, वर्तमानपत्रातली जाहीर नोटीस, दलाली, भूमी अभिलेखकडची मोजणी फी, मूल्यांकनकाराची फी. विक्रेत्याची थकलेली घरपट्टी सौद्याप्रमाणे तुम्ही भरली, तर तीही किमतीतच जाते, कारण ते देणे त्याचे होते आणि तुम्ही ते दुकान मिळवण्यासाठी फेडले. दुकान सुरू करण्याआधी छत, फरशी, शटर यांवर केलेला खर्च या ढिगातच ठेवा. तोच खर्च दोन वर्षांनी झाला असता तर दुरुस्ती म्हणून थेट खर्चात गेला असता, पण पहिल्या वापराआधी तो इमारत वापरायोग्य करण्याचा खर्च आहे. चल्लापल्ली शुगर्सच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने किमतीचा अर्थ असाच लावला: मालमत्ता उभी करून कामाला लागेपर्यंतचा सगळा आवश्यक खर्च.

दुसरा ढीग कर्जाचा. बँकेची प्रक्रिया फी, बँकेच्या वकिलाची फी, गहाणखताचे मुद्रांक, नोटीस ऑफ इंटिमेशन, सरसाई नोंदणी. इथे इंडिया सिमेंट्सचा निकाल कामाचा आहे. कंपनीने ४० लाखांचे कर्ज उभारताना मुद्रांक, नोंदणी आणि वकील यांवर ८४,६३३ रुपये खर्चले होते. कर्ज ही काही कायमची मिळकत नव्हे, तेव्हा ते मिळवण्याचा खर्च महसुली, म्हणजे त्याच वर्षी वजा होणारा, असे न्यायालयाने ठरवले. मात्र त्यानंतर कायद्यात भर पडली. मालमत्तेसाठी घेतलेल्या कर्जाचे व्याज, ती प्रत्यक्ष वापरात येईपर्यंत, खर्चात न घेता किमतीत मिळवावे लागते. व्याजाच्या व्याख्येत कर्जावरचे सेवाशुल्कही येते. त्यामुळे दुकान सुरू होण्याआधी भरलेली प्रक्रिया फी थेट खर्चात घ्यावी की किमतीत, यावर दोन मते आहेत. माझा सल्ला आहे, की रक्कम लहान असेल तर ती किमतीत घाला आणि निर्धास्त राहा. दुकान सुरू झाल्यानंतरचे व्याज मात्र दरवर्षी खर्चात जाते, ते किमतीत मिळवता येत नाही.

तिसरा ढीग उरलेल्या रकमांचा, त्यातली प्रत्येक वेगळी तपासायची. महावितरणची सुरक्षा अनामत ही परत मिळणारी रक्कम आहे, ती ताळेबंदात अनामत म्हणून राहते. ताब्यानंतरच्या काळाची घरपट्टी आणि विमा हा त्या वर्षाचा चालू खर्च. जुन्या मालमत्तेच्या विक्रीवर जी.एस.टी. नसतो. बांधकाम सुरू असलेला गाळा बिल्डरकडून घेतला तर तो लागतो आणि परतावा मिळत नसेल तर तोही किमतीत जातो. वकिलाच्या फीवरचा जी.एस.टी. मर्यादेपेक्षा जास्त उलाढाल असलेल्या व्यापाऱ्याला रिव्हर्स चार्जने स्वतः भरावा लागतो, तो विसरू नका.

सहावी पायरी: वाटणी करा आणि घसारा मांडा

समजा खरेदी २४,००,००० रुपयांची आहे. अहवालानुसार जमीन १४ लाख, बांधकाम १० लाख. चलनाप्रमाणे मुद्रांक शुल्क १,४०,००० धरू. नोंदणी फी १ टक्का, म्हणजे २४,००० (ती जास्तीत जास्त ३०,००० असते). दलाली २४,०००, वकील आणि सर्च १५,०००, मूल्यांकनकार ७,०००. पहिल्या ढिगाची बेरीज २,१०,००० झाली.

ही रक्कम जमीन आणि बांधकामात १४ ला १० या प्रमाणात वाटायची. जमिनीला १,२२,५०० आणि इमारतीला ८७,५०० येतात. ताळेबंदात जमीन १५,२२,५०० आणि इमारत १०,८७,५०० लिहिली जाईल. इमारतीवर पहिल्या वर्षी १० टक्के, म्हणजे १,०८,७५० रुपये घसारा. दुसऱ्या वर्षी उरलेल्या ९,७८,७५० वर १० टक्के, आणि असेच पुढे.

दलालाला २४,००० एकाच दिवशी रोखीत दिले असते, तर इमारतीच्या वाट्याचे १०,००० घसाऱ्याच्या किमतीतून बाहेर गेले असते.

पहिल्या वर्षीचा पूर्ण घसारा मिळायला दुकान त्या आर्थिक वर्षात किमान १८० दिवस वापरात असावे लागते, नाहीतर निम्मा मिळतो. खत कधी झाले यापेक्षा दुकान कधी उघडले हे इथे मोजतात. आखाजीला उद्घाटन केले तर पूर्ण, दिवाळीच्या पाडव्याला केले तर निम्मा, वरच्या उदाहरणात ५४,३७५. राहिलेला निम्मा बुडत नाही, तो शिल्लक किमतीत राहून पुढच्या वर्षांत मिळतो. केवळ त्यासाठी मुहूर्त बदलण्याची गरज नाही. उद्घाटनाची पत्रिका, पहिले बिल आणि नव्या पत्त्याची जी.एस.टी. नोंद मात्र जपा, वापराची तारीख त्यांवरूनच सिद्ध होते. नवी करप्रणाली निवडली असली तरी हा साधा घसारा मिळतो.

सातवी पायरी: अंदाजित नफ्याचे विवरण भरत असाल तर

लहान दुकानदारांना हा भाग सगळ्यात जास्त लागू पडतो. उलाढालीच्या ६ किंवा ८ टक्के नफा दाखवून ४४ एडी खाली विवरण भरणाऱ्याला घसारा वेगळा मागता येत नाही. कायदा समजतो, की तो त्या टक्केवारीतच मिळाला. तेवढ्यावर न थांबता, शिल्लक किंमतही दरवर्षी घसारा घेतल्यासारखी कमी होत जाते. पाच वर्षांनी तुम्ही नियमित वह्या ठेवायला लागलात, तर घसारा मूळ १०,८७,५०० वर सुरू होत नाही, पाच वर्षे घटलेल्या आकड्यावर सुरू होतो.

म्हणून दुकान घेतलेल्या वर्षी सी.ए.बरोबर बसून दोन्ही बाजूंनी आकडेमोड करा: व्याज आणि घसारा वजा जाऊन खरा नफा किती उरतो आणि अंदाजित नफा किती होतो. मात्र ४४ एडी सोडून कमी नफा दाखवला तर पुढची पाच वर्षे तिकडे परत येता येत नाही, शिवाय वह्या आणि ऑडिटचा प्रश्न उभा राहतो. हे गणित एका वर्षाच्या फायद्यावर करू नका. बाजार समितीतल्या अडत्यांना तर ही सोय मुळातच नाही, कारण कमिशन आणि दलालीचे उत्पन्न त्यातून वगळले आहे.

दुकान स्वतः न वापरता भाड्याने दिले, तर हिशोब पुन्हा वेगळा. भाड्यातून ३० टक्के प्रमाणित वजावट आणि कर्जाचे व्याज मिळते, घसारा नाही. खरेदीचा सगळा खर्च मग फक्त विक्रीच्या दिवशी उपयोगी पडतो.

नरडाण्याच्या औद्योगिक वसाहतीत प्लॉट घेणाऱ्यांसाठी एवढेच, की तिथे एम.आय.डी.सी. जमीन विकत नाही, दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने देते. प्रीमियम आणि भाडेपट्ट्याचे मुद्रांक हा जमिनीचा भांडवली खर्च, त्यावर इमारतीसारखा घसारा मागू नका. दरवर्षीचे नाममात्र भाडे खर्चात जाते. तुम्ही स्वतः बांधलेल्या शेडवर मात्र, जमीन तुमच्या मालकीची नसली तरी, घसारा मिळतो.

आठवी पायरी: फाइल बांधा

विक्रीच्या वेळी घसारा घेतलेल्या इमारतीवरचा नफा कितीही वर्षांनी विकली तरी अल्पकालीन धरला जातो. जमिनीवरचा नफा २४ महिन्यांनंतर दीर्घकालीन होतो आणि त्यावर १२.५ टक्क्यांचा सौम्य दर मिळतो. वीस वर्षांनी ही वाटणी मागितली जाते तेव्हा दलाल नसतो, दस्तलेखक नसतो, बँकेची शाखाही हललेली असते.

फाइलमध्ये नोंदणीकृत खरेदीखत, सूची क्रमांक दोन, ग्रास चलन, नोंदणीची पावती, इसारापासून शेवटच्या हप्त्यापर्यंतचे बँकेचे उतारे, वकील-दलाल-मूल्यांकनकार यांच्या सहीच्या पावत्या, वाटणीचा अहवाल, त्या वर्षाच्या रेडी रेकनरचे पान, टी.डी.एस. चलन, पहिल्या वर्षाचा ताळेबंद आणि घसाऱ्याचा तक्ता ठेवा. पावत्यांची शाई उडते, म्हणून त्यांच्या झेरॉक्स काढा. कर्ज असेल तर मूळ खत बँकेत राहील. ते बँकेत देण्यापूर्वी त्याची प्रमाणित नक्कल काढून घ्या आणि फाइलच्या पहिल्या पानावर वाटणीचे दोन आकडे, जमीन आणि इमारत, शाईने लिहून ठेवा.